कोठडीतील माणसाला मानसोपचार मिळवून देताना: नव्याने काम करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

ज्यांच्या घरातील कुणाला अटक झाली आहे असे नातेवाईक, फौजदारी कामात नुकतेच आलेले वकील आणि कारागृहात जाऊ लागलेले सामाजिक कार्यकर्ते यांच्यासाठी हा लेख आहे. तो महाराष्ट्रातील कामकाज डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे, मात्र यातील कायदे केंद्राचे असल्यामुळे गोव्यात आणि इतर राज्यांतही तेच लागू होतात.

प्रश्नाचा आवाका आधी ध्यानात घ्यावा. २०२२च्या अखेरीस देशातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन होते, म्हणजे दर चारांतील तिघांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने तेथील मध्यवर्ती कारागृहातील ५,०२४ बंद्यांची तपासणी करून २०११ मध्ये अहवाल दिला. व्यसनाधीनता धरून ७९.६ टक्के आणि ती वगळूनही २७.६ टक्के बंद्यांमध्ये निदान करता येईल असा मानसिक विकार त्यात आढळला. तेव्हा आपल्यासमोर आलेले प्रकरण अपवादात्मक आहे असे समजून संकोचाने बोलण्याचे काही कारण नाही.

कायद्यातील तरतुदी आज बऱ्यापैकी चांगल्या आहेत. अडते ते दुसरीकडेच. पोलीस ठाणे, न्यायालय, कारागृह आणि रुग्णालय या चार ठिकाणांचा एकमेकांशी जो व्यवहार चालतो तो कागदावर चालतो, आणि जो आजार कुणी लिहून ठेवलेला नाही तो त्यांच्या लेखी नसतोच. म्हणून खालील प्रत्येक पायरीवर एकच गोष्ट साधायची आहे: आजार, औषध आणि आपण केलेली मागणी, तिन्ही तारखेसह आणि पोच घेऊन लेखी नोंदवून ठेवायच्या.

पायरी पहिली: अटकेनंतरचे चोवीस तास

घरात असतील नसतील ते सर्व केस पेपर, डिस्चार्ज कार्ड आणि औषधांच्या चिठ्ठ्या गोळा करून त्यांचे तीन संच तयार करावेत: एक तपास अधिकाऱ्याला, एक वकिलाला आणि एक आपल्याजवळ. मूळ कागद कुणालाही देऊ नयेत. चिठ्ठ्या सापडत नसतील तर औषधांच्या रिकाम्या पाकिटांचे फोटो काढून ठेवावेत आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर चार ओळी लिहून आणाव्यात.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ५३ नुसार अटकेनंतर लवकरात लवकर शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्याकडून तपासणी करून घेणे बंधनकारक आहे, आणि त्या अहवालाची प्रत अटक झालेल्या व्यक्तीला किंवा तिने सांगितलेल्या माणसाला मिळू शकते. व्यवहारात ही तपासणी अंगावरच्या जखमा पाहून पाच मिनिटांत आटोपते. मानसिक आजाराची माहिती त्या आधीच लेखी दिलेली असेल तर ती अहवालात उतरण्याची शक्यता वाढते, म्हणून पोलीस ठाण्यात एक अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी.

या अर्जाची भाषा महत्त्वाची असते. ‘माझा भाऊ वेडसर आहे, त्याच्यावर दया करावी’ अशा वाक्याने काहीही साधत नाही, उलट पुढे ते अंगलट येऊ शकते. त्याऐवजी असे लिहावे: ‘माझ्या भावावर द्विध्रुवीय विकारासाठी अमुक सालापासून जिल्हा रुग्णालयात उपचार सुरू आहेत. त्याला लिथियम ३०० मि.ग्रॅ. सकाळी एक व रात्री दोन गोळ्या अशी मात्रा आहे. शेवटची मात्रा अटकेच्या आदल्या रात्री घेतली आहे. औषध अचानक बंद झाल्यास आजार उलटण्याचा धोका असल्याचे डॉक्टरांनी लेखी कळवले आहे, पत्र सोबत जोडले आहे. औषध चालू राहील अशी व्यवस्था व्हावी.’ गुन्ह्याबद्दल या अर्जात एक अक्षरही लिहू नये. तो निर्दोष आहे किंवा त्याने रागाच्या भरात केले, यांपैकी कुठल्याही वाक्याची येथे गरज नसते.

दारूबद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण कोठडीत जिवावर बेतणारे जे प्रसंग टाळता येण्यासारखे असतात त्यांत हा एक ठळक प्रसंग आहे. रोज भरपूर दारू पिणारा माणूस आत गेला की त्याची दारू एकाएकी तुटते. पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. पुढे फिट येऊ शकते. आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भास होऊ लागतात, आपण कुठे आहोत याचे भान सुटते, ते अंगावरचे किडे झटकल्यासारखे करतात, नसलेल्या माणसांशी बोलतात. कोठडीतील पहारेकऱ्याला हे हमखास नाटक वाटते, आणि दमदाटी करून ते थांबवण्याचा प्रयत्न होतो. ही वैद्यकीय तातडीची अवस्था आहे, तिच्यात मृत्यू ओढवू शकतो आणि उपचार मात्र कुठल्याही सरकारी रुग्णालयात होऊ शकतात. नातेवाइकाने माणूस रोज किती पितो आणि शेवटची कधी प्यायला, हे लाज न बाळगता त्याच दिवशी लिहून द्यावे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मधील मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्थाही येतात, त्यामुळे या अधिनियमाचे संरक्षण त्यालाही मिळते.

येथे आणखी एक भेद माहीत असावा. गुन्ह्याचा आरोप नसलेली, रस्त्यावर भटकणारी आणि मानसिक आजारी वाटणारी व्यक्ती पोलिसांना आढळली तर याच अधिनियमाच्या कलम १०० नुसार तिला चोवीस तासांच्या आत जवळच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत न्यावे लागते आणि कोणत्याही परिस्थितीत लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच, गुन्हा नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे बेकायदा व घटनाबाह्य असल्याचे सांगितले होते.

पायरी दुसरी: रिमांडची तारीख

पीसीआर (पोलीस कोठडी) असो वा एमसीआर (न्यायालयीन कोठडी), दंडाधिकाऱ्यांसमोर पहिल्यांदा हजर करतात त्याच वेळी लेखी अर्ज द्यावा. तोंडी सांगितलेले बहुतेक वेळा हवेत विरते. पुढच्या तारखा तर अनेकदा व्हिडिओ कॉन्फरन्सवर होतात आणि पडद्यावर क्षणभर दिसणाऱ्या चेहऱ्यावरून कुणाच्याही मनःस्थितीचा अंदाज येत नाही. अर्जात तीन मागण्या पुरेशा आहेत: चालू औषधे सुरू ठेवावीत, कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासणी करवून पुढील तारखेपर्यंत अहवाल पाठवावा, आणि आदेशाची प्रत कारागृह अधीक्षकांना जावी. अर्जाला निशाणी क्रमांक (न्यायालयाच्या फाइलमधील नोंद क्रमांक) पडला का, सरकारी वकिलांचा से (लेखी म्हणणे) आला का आणि रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, काय लिहिले गेले, हे त्याच दिवशी पाहावे. रोजनाम्याची नक्कल काढून ठेवली तर दोन महिन्यांनी, न्यायाधीश बदलल्यावर, पुन्हा पहिल्यापासून सांगण्याची वेळ येत नाही.

वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. कोठडीतील प्रत्येक व्यक्ती मोफत विधी साहाय्याला पात्र असते, तिथे उत्पन्नाची अट लागत नाही. अनेक जिल्ह्यांत या प्राधिकरणाचे लोक अभिरक्षक कार्यालय (मोफत बचाव वकील देणारे कार्यालय) हे काम पाहते, आणि १५१०० हा देशभराचा मदत क्रमांक आहे. मानसिक आजारी व्यक्तीला या हक्काची माहिती देणे हे दंडाधिकारी, पोलीस अधिकारी व कारागृहप्रमुख यांचे कर्तव्य असल्याचे २०१७च्या अधिनियमाच्या कलम २७ मध्ये म्हटले आहे. ते देत नाहीत असे दिसले तर या कलमाचा उल्लेख अर्जात करावा. कलमाचा आकडा दिसला की टेबलावरचा अर्ज जरा लवकर हलतो, असा या कामातल्या बहुतेकांचा अनुभव आहे.

पायरी तिसरी: कारागृहात गेल्यावर

दाखल होताना प्रत्येक बंद्याची वैद्यकीय तपासणी होते. कागदांचा एक संच कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे, अधीक्षकांमार्फत, आवक शिक्क्यासह द्यावा. औषधे आपण मुलाकातीला नेऊन देऊ नयेत. ती गेटवर अडकतात आणि लपवून दिली तर नवाच गुन्हा उभा राहतो. औषध कारागृहाच्या दवाखान्यातूनच मिळाले पाहिजे. ते उपलब्ध नसल्याचे कुणी सांगितले, तर तसे लेखी द्यावे अशी विनंती करावी. लेखी नकार सहसा कुणी देत नाही आणि पुष्कळदा औषध मिळण्याची सोय होते.

मुलाकातीचा वेळ तोकडा असतो, काच किंवा जाळी मध्ये असते आणि आजूबाजूला कल्ला असतो. तेवढ्यात केसबद्दल आणि घरच्या पैशांबद्दल बोलून झाले की वेळ संपतो. म्हणून आधी तीन गोष्टी विचाराव्यात: झोप किती लागते, जेवण जाते का, आणि रोजची गोळी कोण देते व किती वाजता देते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर डळमळीत आले तर औषध बंद आहे असे समजावे. कपड्यांची निगा, बोलण्याची गती, नजर, मनगटावरच्या खुणा यांकडे लक्ष द्यावे आणि बाहेर आल्यावर तारीख घालून वहीत टिपून ठेवावे. ही वही पुढे डॉक्टरांनाही उपयोगी पडते आणि न्यायालयातही. स्त्री बंद्यांच्या बाबतीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते, ती अशी की त्यांना भेटायला कुणी येईनासेच होते. तिथे ही वही कार्यकर्त्यालाच ठेवावी लागते.

‘आता काही राम उरला नाही’, ‘पोरांना सांभाळा’, ‘पुढच्या वेळी येऊ नका’ अशी वाक्ये ऐकली तर घरी जाऊन विचार करत बसू नये. त्याच वेळी ड्युटीवरच्या अधिकाऱ्याला सांगावे, त्याच दिवशी अधीक्षकांना लेखी किंवा ईमेलने कळवावे आणि वकिलालाही सांगावे. २०२२ मध्ये देशातील कारागृहांत ११९ बंद्यांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे. अनैसर्गिक मृत्यूंचे ते सर्वांत मोठे कारण होते. धोका असलेल्या माणसाला एकट्या सेलमध्ये टाकणे हा उपाय नव्हे. मानसिक आजारी व्यक्तीला एकांतवासात ठेवण्यास अधिनियमाच्या कलम ९७ ने मनाई केली आहे. आणि प्रयत्न झालाच असेल, तर कलम ११५ नुसार ती व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरायचे असते, त्यामुळे गुन्हा दाखल करण्याची भीती कुणी घातली तर हे कलम दाखवावे.

कारागृहात उपचार शक्य नसतील तर बाहेर हलवण्याचा मार्ग कलम १०३ मध्ये आहे. प्रत्येक राज्यात किमान एका कारागृहाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य आस्थापना (मानसिक आजारावर उपचार करणारे केंद्र) असावी, असे हे कलम म्हणते. जेथे असा कक्ष नाही तेथून बंद्याला, मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाच्या (रुग्णांच्या हक्कांवर देखरेख ठेवण्यासाठी याच अधिनियमाने नेमलेल्या मंडळाच्या) पूर्वपरवानगीने, बाहेरच्या आस्थापनेत हलवता येते. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. गोव्यात ही सोय बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत आहे. याच कलमात आणखी एक तरतूद आहे, जी फारसे कुणी वापरत नाही. कारागृहात मानसिक आजारी बंदी नाहीत असे प्रमाणपत्र वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तीन महिन्यांनी मंडळाला पाठवायचे असते, आणि असा बंदी असेल तर त्याला का हलवले नाही, हे मंडळ प्रत्यक्ष कारागृहात येऊन विचारू शकते. आपल्या माणसाचे कागद आवक शिक्क्यासह दाखल असतील, तर पुढच्या तिमाहीत ‘असा बंदी नाही’ असे प्रमाणपत्र देणे त्या अधिकाऱ्याला अवघड जाते.

परवानगी मिळूनही रुग्णालयाची तारीख हुकते ती बहुधा कैदी पार्टी, म्हणजे बंद्याला ने-आण करणारे पोलीस पथक, न मिळाल्यामुळे. पोलीस मुख्यालयाकडून बंदोबस्त आला नाही, की अपॉइंटमेंट गेली आणि पुढची महिनाभराने. एकदा असे झाले तर समजून घ्यावे. दुसऱ्यांदा झाले तर न्यायालयात अर्ज करून पोलीस आयुक्त किंवा पोलीस अधीक्षकांना बंदोबस्त पुरवण्याचा आदेश मागावा. अनेक ठिकाणी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक कारागृहात येते. ते कोणत्या वारी येते याची चौकशी आधी केली तर हा सारा खटाटोप वाचू शकतो.

बंदी शुद्धीत आणि बोलण्याच्या स्थितीत असताना त्याच्याकडून नामनिर्देशित प्रतिनिधी नेमून घ्यावा. त्यासाठी साधा कागद आणि त्यावर त्याची सही किंवा अंगठा पुरतो. उपचारांच्या निर्णयात त्याच्या बाजूने बोलण्याचा आणि मंडळाकडे जाण्याचा हक्क या प्रतिनिधीला मिळतो, आणि मंडळाकडे अर्ज करायला शुल्क नाही.

पायरी चौथी: तीन प्रश्नांची सरमिसळ टाळणे

नवख्या माणसाची, आणि कधी कधी मुरलेल्या वकिलाचीही, सर्वांत मोठी गफलत येथे होते. आज त्याला उपचारांची गरज आहे का, हा पहिला प्रश्न. तो खटल्यात स्वतःचा बचाव करू शकतो का, हा दुसरा. गुन्हा घडला त्या क्षणी त्याची मनःस्थिती काय होती, हा तिसरा. तिन्हींचा काळ वेगळा, कसोटी वेगळी आणि परिणामही वेगळे.

पहिल्याचे उत्तर डॉक्टर देतात. त्यासाठी न्यायालयाने त्याला मनोविकल (कायद्याच्या भाषेत मन ताळ्यावर नसलेला) ठरवण्याची गरज नसते. मानसिक आजाराचे निदान झाले एवढ्यावरून कुणी मनोविकल ठरत नाही, हे अधिनियमाच्या कलम ३ मध्ये स्पष्ट आहे. बहुसंख्य प्रकरणांचा विषय एवढाच असतो आणि तो एवढाच ठेवावा.

दुसऱ्या प्रश्नासाठी नागरिक सुरक्षा संहितेची कलमे ३६७ व ३६८ आहेत. दंडाधिकाऱ्यांना तशी शंका आल्यास ते सिव्हिल सर्जनमार्फत तपासणी करवतात आणि प्रकरण सरकारी मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञांकडे जाते. बचाव करण्यास आरोपी असमर्थ आहे असे ठरले आणि प्रथमदर्शनी पुरावाच नसेल तर त्याला सोडतात. पुरावा असेल तर उपचारांपुरते कामकाज थांबते. कारण बौद्धिक अक्षमतेचे असेल तर चौकशी बंद करण्याची तरतूद आहे, कारण ती औषधाने जाणारी अवस्था नाही. कामकाज थांबल्यावर कलम ३६९ लागते. गुन्हा अजामीनपात्र असला तरी, रुग्णालयात भरती ठेवण्याची गरज नसेल आणि नातेवाईक किंवा मित्र बाह्यरुग्ण उपचारांची व इजा होऊ न देण्याची हमी देत असेल, तर आरोपीला जामिनावर सोडावे असे ते सांगते. हमीपत्रासोबत जवळच्या रुग्णालयाचे नाव, ओपीडीचा वार आणि घरात कोण लक्ष ठेवणार आहे, एवढे जोडले तर न्यायालयाला निर्णय घेणे सोपे जाते.

या मार्गाची दुसरी बाजूही नातेवाइकांना आधीच सांगितली पाहिजे. कामकाज थांबले आणि जामीन झाला नाही, तर माणूस खटल्याविना अडकून राहू शकतो. आसाममधील एका न्यायाधीन बंद्याला १९५१ मध्ये अटक झाली, त्याला तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवले गेले आणि तो सुटला २००५ मध्ये. मधली चोपन्न वर्षे त्याचा खटला चाललाच नाही. म्हणून हा अर्ज करण्यापूर्वी जामिनाची तयारी झालेली असावी, आणि कामकाज थांबल्यानंतरही दर तारखेला प्रकृतीचा अहवाल मागत राहावे.

तिसरा प्रश्न भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ चा, म्हणजे जुन्या दंड संहितेतील कलम ८४ चा. त्या क्षणी कृत्याचे स्वरूप किंवा ते चूक आहे हे कळण्यास आरोपी मनोविकलतेमुळे असमर्थ होता, हे बचाव पक्षाला दाखवावे लागते, मात्र सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये सांगितल्याप्रमाणे संभाव्यतेच्या पारड्यावर, म्हणजे तसे असण्याची शक्यता अधिक आहे एवढे, दाखवले तरी पुरते. वीस वर्षांची फाइल असली तरी केवळ तिच्या जोरावर हा बचाव टिकत नाही. घटनेच्या आधीचे, त्या वेळचे आणि लगेच नंतरचे वर्तन पाहिले जाते. पहिल्या पायरीवर घेतलेली पोच येथे उपयोगी पडते. हा बचाव घ्यायचा की नाही हे मात्र ज्येष्ठ वकिलाचा सल्ला घेऊनच ठरवावे, आणि कार्यकर्त्याने त्यात मत देऊ नये.

कार्यकर्त्यांसाठी जाता जाता एक सूचना. बंद्याशी बोलताना गुन्ह्याची हकिकत विचारू नये आणि त्याने आपणहून सांगितली तर टिपणात उतरवू नये. त्याच्या आजाराची माहिती गोपनीय असते. बॅरकमधल्या इतरांसमोर किंवा वॉर्डरसमोर निदानाचा उच्चार केला की त्याला नवे नाव चिकटते आणि तो दुसऱ्या दिवशी गोळी घ्यायला रांगेत उभा राहत नाही.

शिक्षा झाल्यानंतर

सिद्धदोष बंद्याचेही उपचारांचे हक्क तसेच राहतात. शिक्षेनंतर उद्भवलेला गंभीर मानसिक आजारही न्यायालय विचारात घेऊ शकते. महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात, आरोपीची ओळख उघड न करता, सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०१९ रोजी याच कारणासाठी फाशी रद्द करून उर्वरित आयुष्यभराचा कारावास दिला. त्या बंद्याच्या आजाराची साक्ष कारागृहातील व रुग्णालयातील अनेक वर्षांच्या नोंदींनी दिली होती.

पायरी शेवटची: सुटका

जामिनाचा आदेश कधी पोहोचेल ते सांगता येत नाही, आणि पोहोचला की माणूस काही तासांत अंगावरच्या कपड्यांनिशी गेटबाहेर असतो. त्याच्या गोळ्या आत राहतात, केस पेपर आत राहतो. म्हणून जामिनाचा अर्ज केला त्याच आठवड्यात वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे उपचारांचा सारांश आणि पंधरा दिवस पुरतील एवढी औषधे तयार ठेवण्याची लेखी विनंती करावी. आपल्या वैद्यकीय नोंदी मिळण्याचा हक्क मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या कलम २५ मध्ये आहे. गेटवर कुणीतरी घ्यायला असावे. पहिल्याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत नाव घालावे, आणि रात्रीअपरात्री अडचण आली तर १४४१६ या टेली-मानस (सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवा) क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

न्यायालयाची पुढची तारीख घरातील दोघांनी लिहून ठेवावी. आजार बळावल्यामुळे तारीख चुकली, तर वॉरंट निघण्याची वाट न पाहता त्याच दिवशी वकिलामार्फत ओपीडीच्या केस पेपरची प्रत जोडून गैरहजेरी माफीचा अर्ज द्यावा, आणि त्याचीही पोच किंवा निशाणी क्रमांक वहीत टिपून ठेवावा.